टेकवाडीतली लोकमुद्रा

टेकवाडीला मोबाइलची रेंज नाही, आणि नेमकं त्याच कारणानं टेकवाडीची निवड झाली. धारूरच्या घाटाला लागून, दोन टेकड्यांच्या मधे बसलेलं हे दीडशे घरांचं गाव. कुणाला फोन करायचा झाला तर शाळेमागच्या चढावर जाऊन उभं राहावं लागतं. सरकारनं त्या वर्षी स्वतःचं डिजिटल नाणं काढलं होतं. लोकमुद्रा त्याचं नाव. ही बँकेतली शिल्लक नव्हे, ही नोटच आहे, फक्त कागदाऐवजी फोनात ठेवलेली, असं सगळीकडं सांगितलं जायचं. शहरातल्या लोकांनी ते चार दिवस वापरून सोडून दिलं, कारण त्यांच्याकडं पैसे पाठवायच्या दहा सोयी आधीच होत्या. मग वरच्यांनी ठरवलं की जिथं दुसरं काहीच चालत नाही तिथं हे चालवून दाखवायचं. दोन फोन पाठीला पाठ लावून धरले की रेंज नसतानाही ह्यातले पैसे त्यात जायचे. टेकवाडीत जमलं तर देशात कुठंही जमेल, असा एकूण विचार.

गावात बँकेचं सेवा केंद्र शिवकन्या चालवायची, म्हणून काम तिच्याकडं आलं. शाळेशेजारची एक खोली, टेबल, अंगठ्याची मशीन आणि छपरावर बांबूला बांधलेला अँटेना, एवढा तिचा पसारा. नवरा आदिनाथ माजलगावच्या बाजूला कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असायचा, घरी ती आणि सासू मंजुळाबाई. नऊ वर्षांत गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा निराधार योजनेचा महिन्याचा पगार तिच्याच हातून निघत आला होता. बायनाबाईचा पगार एकदा दोन महिने अडकला, तेव्हा शिवकन्यानं तालुक्याच्या बँकेत सात खेपा घातल्या आणि बसभाडंही मागितलं नाही. असल्या गोष्टी गाव बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही.

योजना गावात आणली ती बद्रीनाथ आण्णांनी. ते जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, आता पुन्हा उभं राहायच्या तयारीत. त्यांनी शिवकन्याला वाड्यावर बोलावून सांगितलं की दसऱ्याच्या आत गाव लोकमुद्रेवर शंभर टक्के झालं पाहिजे. दसऱ्यानंतर निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला निघून जातं, मग रिकाम्या घरांपुढं मंत्र्यांना आणून काय दाखवायचं? शिवकन्या हो म्हणाली. असल्या योजना तिनं बऱ्याच पाहिल्या होत्या, फॉर्म भरायचे, फोटो काढायचे आणि विसरून जायचं.

पण तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि तिचं मत फिरलं. शिकवायला पुण्याहून संस्कृती नावाची मुलगी आली होती. पंचविशीची, बोलायला मोकळी. तिनं दाखवलं की पैसे चार आकड्यांच्या कुलपात राहतात आणि ते आकडे ज्याचे त्यालाच ठाऊक असतात. शिवकन्याच्या डोळ्यांपुढं छबूबाई आली. बचत गटातल्या चौदा बायका वर्षभर पै-पै साठवून दसऱ्याला वाटून घ्यायच्या आणि नोटा पोलक्याच्या अस्तरात शिवून तोडीला न्यायच्या. आदल्या वर्षी छबूबाईच्या नवऱ्यानं, बंकटनं, ती झोपलेली असताना ब्लेडनं शिवण उसवली आणि चार दिवसांत सगळं पिऊन टाकलं. छबूबाईला तेवढ्या पैशांत करिष्माला, आपल्या लेकीला, वसतिगृहात ठेवायचं होतं. त्या साली करिष्माही उसाच्या फडात मोळ्या बांधायला गेली.

शिवकन्यानं हात वर करून विचारलं, "मॅडम, फोनच गेला तर? हरवला, फुटला, तर पैसे?"

"ताई, काळजीच करू नका. नवीन फोन, तोच नंबर, सगळं परत येतं," संस्कृती म्हणाली.

शिवकन्यानं ते वहीत लिहून घेतलं.

गावात मात्र कुणी दाद देईना. लोकमुद्रा म्हटल्यावर पहिले आठ दिवस माणसं मुद्रा कर्जाचे कागद घेऊनच यायची आणि कर्ज नाही म्हटलं की तोंड वाकडं करून जायची. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, हात लावून मोजता येत नाहीत ते पैसे कसले. कटिंगच्या दुकानात पोरं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून "आले का रे पैसे" म्हणून हसायची. किराणा दुकानदार अजिनाथ तेवढा तयार झाला, तोही आण्णांच्या शब्दाखातर. योजनेतून घरटी एक फोन फुकट मिळाला तेव्हा रांग लागली, पण फोन घरी नेऊन लोकांनी त्यात गाणी भरली.

शिवकन्या मग पुरुषांच्या नादी लागली नाही. दुपारी उन्हं उतरल्यावर ती बायकांत जाऊन बसायची. एकेकीला हाताला धरून आकडे दाबायला शिकवायची. ज्यांना अंक येत नव्हते त्यांना बोटाच्या जागा शिकवल्या, वरची कडेची, मधली, खालची, परत मधली. बायनाबाई साठीच्या पुढची, एकटी, तरी अजून टोळीबरोबर जायची. फडात कोयता धरवत नव्हता, पण मागं राहून टोळीचं रांधायची. घरावर पत्रे टाकायचे म्हणून तिनं तीन वर्षं साठवलं होतं. ती काही तयार होईना, आणि तिच्याकडं बघून गटातल्या बाकीच्याही थांबल्या होत्या.

"आगं पन कावून? नोटा काय वाईट हायेत?" तिनं विचारलं.

शिवकन्यानं तिला कुलपाचं सांगितलं, चोरीचं सांगितलं, छबूबाईचं उदाहरण दिलं. तरी बायनाबाईचं मन होईना. तेव्हा शिवकन्या म्हणाली, "मावशी, त्या फोनवर भरवसा ठिवू नका. माझ्यावर हाय का न्हाई?"

"तुज्यावर हाय," बायनाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती साठवलेल्या पैशांचा डबा घेऊन केंद्रात आली. तिच्या मागून गटातल्या सगळ्या आल्या. बायका आल्या म्हणून घरं आली, आणि घटस्थापनेच्या आत टेकवाडी यादीवर शंभर टक्के झाली.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर झाला. मंत्री आले, मोठा मांडव पडला, गाड्यांना लावायला जागा पुरेना. बायनाबाईला स्टेजवर बोलावलं. तिनं अजिनाथकडून अर्धा किलो साखर घेतली, फोनला फोन लावला, आणि टिंग वाजल्यावर अख्खा मांडव टाळ्या वाजवायला लागला. बायनाबाई घाबरून शिवकन्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात दोघींचा फोटो आला. शिवकन्याला पंचवीस हजारांचं बक्षीस मिळालं. तिला बरं वाटलं होतं, आणि ते बक्षिसापेक्षा त्या चौदा बायकांमुळं जास्त होतं.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी टोळ्या निघाल्या. निघायच्या आधी बायका केंद्रात आल्या. तिकडं फडात रेंज असेल नसेल, म्हणून शिवकन्यानं प्रत्येकीचे पैसे बिनरेंजच्या कप्प्यात टाकून दिले. लोकमुद्रेचे असे दोन कप्पे होते, एक रेंज असताना चालणारा, एक नसताना. तिनं प्रत्येकीकडून आकडे पुन्हा एकदा दाबून घेतले. ट्रक, ट्रॅक्टर गेले. गावात म्हाताऱ्या, लहान पोरं आणि कुत्री राहिली.

डिसेंबरच्या मध्याला शिवकन्या शाळेमागच्या चढावर गेली असताना छबूबाईचा फोन आला, टोळीच्या मुकादमाच्या नंबरवरून. त्यांची टोळी कोल्हापूरकडं होती. दुपारी सगळे फडात असताना चुलीतला विस्तव वाऱ्यानं उडाला आणि कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या राहायच्या झोपड्या, पेटल्या. पाचट वाळलेलं, कुणी धावत येईपर्यंत सात कोप्या जळून खाली बसल्या. माणसाला इजा झाली नव्हती. बायनाबाई पाण्याला गेली होती म्हणून वाचली. पण कपडे, धान्य, पेट्या, सगळं गेलं. उसात भिजू नयेत म्हणून बायका फोन पेटीत ठेवायच्या. छबूबाई, बायनाबाई आणि आणखी दोघी, अशा चार जणींचे फोन पेट्यांबरोबर जळाले होते.

छबूबाई रडत होती. शिवकन्यानं तिला शांत केलं, माणसं वाचली हे देवाचे उपकार म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "पैशाचं मनात आणू नका. नवा फोन घ्यायचा, तोच नंबर. सगळे परत येतेत."

पलीकडं छबूबाई रडता रडताच हसली. तिनं ते तिथंच ओरडून बाकीच्यांना सांगितलं. शिवकन्याला तिकडचा गलका ऐकू आला. फोन ठेवल्यावर ती चढावर थोडा वेळ उभी राहिली. नोटा असत्या तर आज राख झाली असती, असं तिच्या मनात आलं आणि आपण केलं ते बरंच केलं असं तिला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ती तालुक्याला गेली. बँकेतल्या माणसानं चार नंबर टाकून पाहिले आणि जिल्ह्याला जायला सांगितलं. जिल्ह्याच्या साहेबांनी एक फोन नंबर दिला. त्या नंबरवर तिनं अकरा दिवस फोन लावला. संस्कृतीचा नंबर लागला तेव्हा ती म्हणाली की तिनं ते काम सोडलं, आता ती दुसरीकडं आहे. मग तिनं विचारलं, पैसे कुठल्या कप्प्यात होते. शिवकन्यानं सांगितलं. तेव्हा संस्कृतीनं सांगितलं की परत येतात ते पहिल्या कप्प्यातले. दुसऱ्या कप्प्याचं तिला त्या वेळी माहीत नव्हतं, तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. "सॉरी ताई," ती म्हणाली, आणि ती खरंच कळवळून म्हणत होती, हे शिवकन्याला आवाजावरून समजलं.

जानेवारीत लोकमुद्रेचे एक मोठे अधिकारी जिल्ह्याला आले तेव्हा आण्णांच्या ओळखीनं तिला दहा मिनिटं मिळाली. माणूस सभ्य होता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नियमाचं इंग्रजी पान काढून समजावलं. बिनरेंजच्या कप्प्यातले पैसे म्हणजे खिशातली नोट. फोन जळाला म्हणजे नोट जळाली.

"साहेब, अर्धी जळकी नोट आणली तर बँक थोडेफार तरी देते," शिवकन्या म्हणाली.

"हो, पण इथं अर्धं काही उरत नाही."

तिनं विचारलं की त्या फोनात किती पैसे गेले हे मशीनला माहीत आहे का. त्यानं लॅपटॉप उघडला. चारही नावं होती, रकमा होत्या. बायनाबाईचे एकोणीस हजार, त्यातले साखरेचे गेलेलेही दिसत होते. त्यानंतर एक रुपयाही कुणी कुठं खर्च केलेला नव्हता.

"म्हणजे सरकारला दिसतंय की पैसे ह्यांचे होते आणि कुणी वापरले नाहीत."

"दिसतंय," अधिकारी म्हणाला. "पण देता येत नाही. तशी तरतूद नाही." त्यानं लॅपटॉप मिटला. चहा तसाच राहिला.

बाहेर आण्णा थांबले होते. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले की पुढच्या टप्प्यात शंभर गावं घ्यायची आहेत, चार बायकांपायी त्यात खोडा घालायचा का, तूच सांग. पेपरवाल्यांकडं जाऊ नको, मी बघतो. आणि त्यांनी बघितलंही. आठ दिवसांत कोप्यांवर भांडी आणि ब्लँकेटं पोचली, वाटतानाचे फोटोही निघाले. पैशाचं मात्र पुढं काही झालं नाही.

शिवकन्या दीड दिवसाचा प्रवास करून टोळीकडं गेली. हे फोनवर सांगायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. पर्समध्ये बक्षिसाचे पंचवीस हजार होते, नोटांत. नवीन कोप्या काळ्या पडलेल्या जागेच्या बाजूलाच उभ्या केल्या होत्या. बायका संध्याकाळी फडातून आल्या, हातपाय न धुताच तिच्याभोवती बसल्या. पैसे घेऊनच आली असणार असं त्यांना वाटत होतं. करिष्मा आईच्या मागं मोळीची दोरी गुंडाळत उभी होती.

तिनं सगळं सांगितलं. संस्कृतीचं, कप्प्यांचं, त्या पानाचं. आपण सांगितलेलं खोटं होतं आणि ते खोटं आहे हे आपल्यालाच माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

कुणी आरडाओरडा केला नाही. छबूबाईनं तिला पाणी आणून दिलं. बायनाबाई चुलीपुढं बसली होती, तिनं तोंड वळवलं नाही.

"मंग ते पैसे गेले कुटं?" तिनं विचारलं.

"कुटंच न्हाई गेले, मावशी. सरकारच्या मशीनीत दिसतेत. तुमच्या नावानं."

"माज्या नावानं हायेत?"

"हायेत."

"आन् मला मिळनार न्हाईत."

बायनाबाईनं भाकरी परतली. "नोटा जळाल्या असत्या तर म्या वाऱ्याला शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली. "आता कुनाला देऊ?"

मग शिवकन्यानं पंचवीस हजार काढले आणि चौघींत वाटले. गेलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही ते पुरत नव्हते. बायकांनी घेतले. नको म्हणण्यासारखी कुणाची परिस्थिती नव्हती. बंकट लांब उभा राहून बघत होता.

बोलला तो नंतर. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या गावात परतल्या आणि आठवड्यात गावभर झालं की शिवकन्यानं पैसे वाटले. स्वतःच्या खिशातून कोण वाटतं? खाल्ले असतील तेव्हाच ना. बंकट पारावर हे सांगायचा आणि त्याच्यात तथ्य असल्यासारखं लोक ऐकायचे. ज्यांचे फोन जळाले नव्हते त्यांनी एकेक करून पैसे काढून घेतले. अजिनाथनं दुकानापुढची लोकमुद्रेची पाटी उतरवून तिच्यावर शेंगा वाळत घातल्या. छबूबाई एकदा येऊन म्हणाली की मी नाही असं बोलत, पण घरात माझं कोण ऐकतं. बायनाबाई आलीच नाही. तिच्या घरावर जुनीच ताडपत्री राहिली. एकदा नळावर समोरासमोर आल्या तेव्हा ती नेहमीसारखं "बरी हायेस का" म्हणाली, आणि हंडा घेऊन निघून गेली. तिनं भांडण केलं असतं तर शिवकन्याला सोपं गेलं असतं.

निराधारचा पगार काढायला म्हाताऱ्या दोन कोसांवरच्या दुसऱ्या केंद्रात जायला लागल्या. तिथला माणूस प्रत्येकीमागं वीस रुपये कापतो हे त्यांना माहीत होतं. एप्रिलच्या पाच तारखेला शिवकन्या केंद्राच्या दारात उभी होती तेव्हा त्या काठ्या टेकत समोरून गेल्या. त्यांच्यात मंजुळाबाईही होती. सून दिसल्यावर ती थबकली.

"मला त्यांच्यासंगं ऱ्हायचं हाय गं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "ह्या वयात एकटीनं कुटं बसू?" आणि पदर डोक्यावर ओढून पुढं गेली.

मे महिन्यात आण्णांचा निरोप आला. शंभर गावांच्या केंद्रवाल्यांचं प्रशिक्षण होतं आणि पहिल्या गावाची कहाणी सांगायला शिवकन्या हवी होती. आदिनाथ म्हणाला जाऊ नको, पुरे झालं. ती गेली. हॉलमध्ये पंखे होते, समोर ऐंशी-नव्वद माणसं, त्यात बायका बऱ्याच. तिनं माईक हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या कप्प्याचं सांगताना तिनं दोनदा सांगितलं, म्हणजे कुणाच्या ऐकण्यातून सुटायला नको. जळालेल्या फोनांचं सांगितलं, चौघींची नावं सांगितली. माईक कुणी बंद केला नाही. व्यासपीठावरच्या साहेबांनीही मधे अडवलं नाही. ती खाली बसल्यावर ते उठले आणि म्हणाले, ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला, सुरक्षिततेबद्दल आपण जागृती करणारच आहोत. मग प्रश्न विचारायला सांगितलं. पहिला प्रश्न आला की एका नोंदणीमागं कमिशन किती. दुसराही तोच होता, जरा वेगळ्या शब्दांत.

जेवणाच्या सुट्टीत युसूफ वडगाव ह्या गावाकडची एक बाई, विजयमाला, ताट घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं होतं. तिनं विचारलं की आमच्याकडच्या बायकांनी फोन गेल्यावर काय असं विचारलं, तर काय सांगू.

"गेला तर गेला, म्हनून सांग," शिवकन्या म्हणाली. "आन् टाकू नका म्हनून सांग."

"तसं सांगितलं तर एकबी टाकनार न्हाई."

"व्हय."

विजयमाला ताटाकडं बघत राहिली. "आमच्याकडं टारगेट नव्वद टक्क्याचं दिलंय, ताई. न्हाई झालं तर केंद्र दुसऱ्याला देतेत. माजं घर त्याच्यावर चालतं," ती म्हणाली. तिला ते सांगताना लाज वाटत होती.

फोनबरोबर पैसेही जातात हे गेल्या वर्षी कुणी आपल्याला सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे शिवकन्याला नीटसं कळत नव्हतं. दोघींनी जेवण संपवलं. दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा विजयमाला पुढच्या रांगेत जाऊन बसली, आणि शिवकन्या धारूरची गाडी धरायला स्टँडकडं चालू लागली.